उसनवारीचा हिशेब



छापील मराठी नाटक हाती घेतले की पहिल्या अंकाच्या आधी 'पात्रे' अशा मथळ्याखाली एक यादी आढळते. अमुक हा गावचा पाटील, तमुक ही त्याची धाकटी सून, तिसरा घरचा जुना गडी. वाचक ती यादी क्षणभर चाळतो आणि पुढे जातो. परंतु तिसऱ्या अंकात एखादे अनोळखी नाव आडवे आले म्हणजे तोच वाचक मुकाट्याने त्या पानाकडे परत वळतो. यादीतले पात्र नाटकभर फिरकलेच नाही तर तो बुचकळ्यात पडतो. आणि यादीत नसलेले पात्र एकाएकी येऊन बोलू लागले तर हा कोण, कोठला, असा प्रश्न त्याला पडतो.

संगणकाच्या आज्ञावलीला, म्हणजे ज्याला आता आपण सर्रास प्रोग्रॅम म्हणतो त्याला, असेच एक पहिले पान असते. मोठा प्रोग्रॅम एका फाइलीत मावत नाही. तो शेकडो फाइलींत विभागलेला असतो. बहुतेक प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर 'इंपोर्ट' ह्या शब्दाच्या काही ओळी असतात. इंपोर्ट म्हणजे आयात. ह्या फाइलीला लागणारी अमुक साधने येथे तयार केलेली नाहीत, ती तमुक ठिकाणाहून आणली आहेत, एवढेच त्या ओळी सांगतात. शेजारच्या घरून वाटीभर साखर आणावी त्यातलाच हा प्रकार. म्हणून मी ह्याला उसनवारी म्हणतो, आणि ह्या उसनवारीचा हिशेब कसा ठेवावा हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. नवशिक्या विद्यार्थ्यालाही ह्या ओळी म्हणजे केवळ उपचार वाटतात. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात आता पायथन ही भाषा शिकवतात. तेथे मुले पहिली ओळ फळ्यावरून उतरवून घेतात आणि दुसऱ्या ओळीपासून विचार करावयास लागतात. पण ज्या प्रोग्रॅमवर बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे किंवा परीक्षांचे निकाल चालतात, तो लिहिणारा मनुष्य आज ना उद्या दुसरीकडे जातो. त्याच्या मागून येणाऱ्याला ती शेकडो दप्तरे उघडून दुरुस्ती करावी लागते. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे त्याला त्या चार-दहा ओळींवरूनच कळावयाचे असते. तो हिशेब खोटा किंवा अपुरा असला तर पुढची सारी दुरुस्ती अंधारात चाचपडत करावी लागते.

ही उसनवारी संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती प्रयोगशाळेत 'एडसॅक' नावाच्या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथील मंडळींच्या ध्यानात आले की, वर्गमूळ काढणे, संख्या छापणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रॅमात पुन्हा पुन्हा येतात, आणि ती दर वेळी नव्याने लिहिणे म्हणजे नव्या चुकांना निमंत्रण देणे होय. म्हणून त्यांनी असे तयार तुकडे भोके पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून एका पोलादी कपाटात रचून ठेवले. ज्याला हवा त्याने तो तुकडा काढावा, यंत्राच्या साहाय्याने आपल्या फितीवर त्याची नक्कल करावी, आणि मूळ फीत पुन्हा जागेवर ठेवावी, असा तो रिवाज. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल ह्या तिघांनी १९५१ मध्ये ह्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. प्रोग्रॅमिंगच्या परिभाषेत 'लायब्ररी' हा शब्द आजही वापरतात, त्याचा अर्थ त्या कपाटावरून ध्यानात येतो.

पुढे कपाट गेले, फिती गेल्या, पण नक्कल करण्याची रीत बराच काळ टिकली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास डेनिस रिची ह्यांनी घडवलेल्या 'सी' भाषेत दुसऱ्या फाइलीतील मजकूर हवा असल्यास 'इन्क्लूड' अशी आज्ञा लिहितात. तिचा अर्थ अक्षरशः असा की, ती संपूर्ण फाइल ह्या जागी उतरवून घ्या. आता त्या फाइलीतही अशाच आज्ञा असल्या तर त्यांचाही मजकूर येतो, आणि त्यांच्या पोटातल्या आज्ञांचाही. एकच फाइल चार वाटांनी आली तर चार वेळा येते. दुसऱ्या खेपेस मजकूर गाळून टाकण्याची युक्ती आहे खरी. पण गाळण्यासाठीसुद्धा तो आधी वाचावा लागतो. १९८४ मध्ये युनिक्स प्रणालीतील 'पीएस' ह्या एका लहान आज्ञेचा प्रोग्रॅम भाषांतरित होताना एकच फाइल ३७ वेळा आत ओढली गेल्याचे आढळले होते; त्यातील ३६ वेळचे वाचन वाया.

ह्याच पद्धतीने वाढलेल्या 'सी प्लस प्लस' भाषेतील एका मोठ्या प्रोग्रॅमची गूगल कंपनीत २००७ मध्ये तपासणी झाली. सुमारे २००० फाइली, आणि सर्वांचा मिळून मजकूर ४.२ मेगाबाइट. परंतु सर्व इन्क्लूड आज्ञा उलगडल्यावर भाषांतर करणाऱ्या यंत्रणेपुढे येऊन पडला तो ८ गिगाबाइटांहून अधिक मजकूर, म्हणजे मूळच्या सुमारे दोन हजार पट. वाटीभर साखर आणावयास गेलेल्या मुलाने शेजाऱ्याचे अख्खे घर उचलून आणावे, आणि त्या घराबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचीही घरे यावीत, अशी ती अवस्था. हा अनुभव सांगणारे रॉब पाइक आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ग्रीझमर व केन थॉम्प्सन ह्यांनी पुढे 'गो' नावाची नवी भाषा रचली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नियमांकडे आपण पुढे वळणारच आहोत.

आता पायथनकडे येऊ, कारण तीच भाषा आपल्या मुलांच्या हाती आहे. गिडो व्हान रॉसम ह्यांनी १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. ह्या भाषेत इंपोर्ट म्हणजे नक्कल नव्हे. पायथनला 'मॅथ आण' असे सांगितले की तो प्रथम आपल्या नोंदवहीत पाहतो: ह्या नावाचे काही आधीच आणलेले आहे काय? असेल तर तेच पुढे करतो. नसेल तर ठरलेल्या जागा क्रमाने शोधतो, फाइल सापडताच वहीत नोंद करतो, ती फाइल माथ्यापासून तळापर्यंत एकदा चालवतो आणि मागणाऱ्याच्या हाती ते नाव देतो. दहा फाइलींनी मॅथ मागितले तरी काम एकदाच होते. शोध, नोंद, एकदाच वाचन आणि नाव, ह्या चार पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. पुढच्या बहुतेक अडचणी ह्या चारांपैकी एकीतून उद्भवतात.

ह्या ओळी कशा मांडाव्यात ह्यासंबंधी पायथनच्या जाणकारांनी २००१ मध्ये एक संहिता तयार केली. 'पेप ८' ह्या नावाने ती ओळखली जाते. तिचा उपदेश थोडक्यात असा. इंपोर्टच्या ओळी फाइलीच्या माथ्यावरच असाव्यात. प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र ओळीवर असावे. ओळींचे तीन गट करावेत आणि दोन गटांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी. पहिल्या गटात भाषेबरोबरच येणारी मॉड्यूले, दुसऱ्यात बाहेरच्या इतरांनी तयार केलेली, आणि तिसऱ्यात आपल्याच प्रकल्पातील फाइली.

एक उदाहरण घेऊ. शाळेचा निकाल तयार करणारा प्रोग्रॅम आहे असे समजा. त्याच्या मुख्य फाइलीला तारखेसाठी 'डेटटाइम' आणि गुणांची साधी फाइल वाचण्यासाठी 'सीएसव्ही' लागते. ही दोन्ही पायथनच्या घरचीच, म्हणून पहिल्या गटात. कार्यालयाला एक्सेलचा तक्ता हवा, त्यासाठी 'ओपनपायएक्सेल' लागते. ते बाहेरचे, वेगळे उतरवून घ्यावे लागते, म्हणून दुसऱ्या गटात. 'गुण' आणि 'छपाई' ह्या आपणच लिहिलेल्या फाइली. त्या तिसऱ्या गटात. आता ही फाइल उघडणाऱ्या परक्या माणसाला, खाली एक अक्षरही न वाचता, तीन गोष्टी कळतात. हा प्रोग्रॅम पायथनबरोबर आलेली कोणती साधने वापरतो, दुसऱ्या संगणकावर नेताना बाहेरचे काय आधी बसवावे लागेल, आणि घरातल्या कोणत्या फाइलींना हात लावला तर ह्या फाइलीवर परिणाम होईल. तीन गटांमागील हेतू टापटिपीचा नाही. संकटाच्या वेळी कोणत्या दाराकडे धावावे हे सांगण्याचा आहे.

एका ओळीवर एकच मॉड्यूल आणि गटात वर्णानुक्रम, ह्यामागेही व्यवहार आहे. आज एकाच प्रोग्रॅमवर अनेक माणसे एकाच वेळी काम करतात, आणि त्यांचे बदल एकत्र करण्याचे काम २००५ मध्ये निघालेल्या 'गिट'सारख्या साधनांकडे असते. हे साधन मजकुराची तुलना ओळीओळीने करते. सर्व नावे एकाच लांबलचक ओळीत असली आणि दोघांनी तिच्यात एकेक नाव घातले, तर दोघांचा बदल एकाच ओळीवर आदळतो आणि भांडण माणसाला सोडवावे लागते. वेगळ्या ओळी आणि ठरलेला क्रम असला म्हणजे असे प्रसंग पुष्कळ कमी होतात. शिवाय तेच नाव यादीत दोनदा शिरले तर लगेच दिसते. ही मांडणी हातानेच करावी असेही नाही. पायथनसाठी 'आयसॉर्ट' नावाचे साधन गट पाडून क्रम लावून देते.

परंतु क्रम लावला की हिशेब चोख झाला असे मात्र नाही. यादी नीट रचलेली असूनही खोटी असू शकते. त्याचे पहिले कारण म्हणजे 'सर्व काही आण' ही आज्ञा. पायथनमध्ये मॉड्यूलच्या नावापुढे तारकेची खूण केली की त्यातील जवळजवळ सगळी नावे आपल्या फाइलीत येऊन पडतात. नाटकाच्या पात्रयादीत 'आणि गावातील इतर सर्व लोक' असे लिहिण्यासारखेच हे. खाली एखादे नाव दिसले की ते कोठून आले हे यादीवरून सांगता येत नाही.

ह्यातून काय घडते ते गणिताच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पायथनमध्ये 'मॅथ' हे वास्तव संख्यांचे मॉड्यूल आहे आणि 'सीमॅथ' हे संमिश्र संख्यांचे. दोघांतही वर्गमुळाचे फलन आहे आणि दोघांतही त्याचे नाव तेच. एखाद्याने आधी मॅथमधील सर्व आणि त्याखाली सीमॅथमधील सर्व मागवले, तर नंतर आलेले नाव आधीच्या नावावर बसते. वर्गमूळ म्हटले की सीमॅथचे चालते. वर्गसमीकरण सोडवताना मुळाखाली उणे ४ आले तरी उत्तर काल्पनिक संख्येत मिळते आणि काम पुढे जाते. आता कोणी टापटिपीच्या हौसेने त्या दोन ओळी वर्णानुक्रमाने लावल्या. इंग्रजी वर्णानुक्रमात सीमॅथ आधी आणि मॅथ नंतर. आता वर्गमूळ हे मॅथचे झाले, आणि त्याला ऋण संख्येचे वर्गमूळ ठाऊकच नाही. प्रोग्रॅम त्या जागी थांबतो. गणिताची एक ओळही कोणी बदललेली नाही. केवळ यादीचा क्रम बदलला. ज्या यादीचा क्रम बदलल्याने अर्थ बदलतो, ती यादी काहीतरी लपवीत आहे असे निश्चित समजावे.

जावा भाषेतही हाच धडा मिळाला. तिच्या 'एडब्ल्यूटी' ह्या खिडक्या-बटनांच्या संचात 'लिस्ट' नावाचा एक प्रकार आरंभापासून होता. पुष्कळ लोक त्या संचातील सर्व आणि 'युटिल' संचातीलही सर्व अशा दोन्ही आज्ञा लिहीत. डिसेंबर १९९८ मध्ये जावाची १.२ ही आवृत्ती निघाली, तिच्यात युटिल संचातही 'लिस्ट' नावाचा नवा प्रकार आला. परिणामी, काल बिनतक्रार भाषांतरित होणारे प्रोग्रॅम अडून बसले: कोणती लिस्ट म्हणता? ज्यांनी 'एडब्ल्यूटीमधील लिस्ट' असे नाव घेऊन मागितले होते, त्यांना ह्याची झळ लागली नाही. मोघम उसनवारीचे दुखणे असे आहे की, आज ती निभावून जाते, पण उद्या शेजाऱ्याने घरात काय आणून ठेवले ह्यावर आपले काम अवलंबून राहते.

यादी खोटी होण्याचे दुसरे कारण पहिल्याच्या उलट आहे: यादीत आहे, पण खाली कोठेच नाही. एखादे साधन कधीकाळी लागत होते. काम बदलले, ओळ मात्र राहून गेली. अशी निरुपयोगी ओळ वाचकाला चकवते, प्रोग्रॅम सुरू होण्यास विलंब लावते, आणि बाहेरचे असेल तर विनाकारण उतरवून घ्यावे लागते. गो भाषेच्या कर्त्यांनी येथे कडक धोरण स्वीकारले. आणलेले मॉड्यूल वापरले नाही तर गो भाषेत ती सूचना नव्हे, चूकच मानली जाते. प्रोग्रॅम भाषांतरितच होत नाही. मात्र येथे थोडा विवेक हवा. काही मॉड्यूले नाव वापरण्यासाठी आणलेली नसतात; ती चालवली गेली की काही नोंदणी व्हावी एवढ्यासाठीच आणलेली असतात. गो भाषेत अशा वेळी नावाच्या जागी अधोरेषा लिहून तसे उघड सांगावे लागते. पायथनमध्ये ही सक्ती नाही. म्हणून तेथे ओळीशेजारी एक टीप लिहावी, नाहीतर पुढचा मनुष्य ती निरुपयोगी समजून पुसून टाकील आणि बिघाड दुसरीकडेच दिसेल.

तिसरा दोष नावांचा. पायथन फाइली क्रमाने शोधतो हे आपण पाहिले. आपण जी फाइल चालवतो तिच्या घडीतच, म्हणजे त्याच फोल्डरात, तो साधारणपणे प्रथम पाहतो आणि मग पायथनच्या संग्रहाकडे वळतो. विद्यार्थी सोडत काढण्याचा प्रोग्रॅम लिहितो, कौतुकाने फाइलीला 'रँडम' असे नाव देतो आणि पहिल्याच ओळीत पायथनचे रँडम मागतो. त्याला मिळते ते त्याचेच स्वतःचे रँडम, आणि संख्या निवडण्याचे फलन सापडत नाही अशी तक्रार पडद्यावर येते. ही चूक इतकी नित्याची झाली की ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या पायथनच्या ३.१३ आवृत्तीत, तुमच्या फाइलीचे नाव संग्रहातील मॉड्यूलसारखेच आहे, ते बदलून पाहा, असा सल्ला त्या तक्रारीतच जोडण्यात आला.

ह्या तिन्ही दोषांहून खोल असा चौथा दोष म्हणजे परस्परांची उसनवारी, अर्थात चक्र. पुन्हा निकालाचा प्रोग्रॅम घेऊ. 'छपाई' ही फाइल प्रगतिपुस्तक छापते, म्हणून ती 'गुण' फाइलीतून टक्केवारीचे फलन आणते. हे योग्यच. पुढे कोणाला 'गुण' फाइलीत श्रेणीही ठरवावीशी वाटली, आणि श्रेणींचा तक्ता होता 'छपाई' फाइलीत. त्याने 'गुण'च्या माथ्यावर 'छपाईमधून तक्ता आण' अशी ओळ टाकली. आता मुख्य फाइलीने 'गुण' मागितले. पायथन वहीत गुणची नोंद करून पहिली ओळ वाचतो. तेथे छपाई हवी आहे. तो गुण अर्धवट सोडून छपाई उघडतो. तिची पहिली ओळ म्हणते, गुणमधून टक्केवारी आण. वहीत गुण तर आहे, पण त्याचे वाचन पहिल्याच ओळीवर थांबलेले. टक्केवारीचा अजून जन्मही झालेला नाही. तेव्हा पायथन हात टेकतो आणि सांगतो की, अर्धवट तयार झालेल्या मॉड्यूलमधून हे नाव आणता येत नाही. गो भाषेत असे चक्र मुळातच निषिद्ध आहे.

ह्यावर एक चटपटीत उपाय सांगण्यात येतो. माथ्यावरची ओळ काढून ती फलनाच्या पोटात घालावी, म्हणजे सर्व फाइली वाचून झाल्यावरच ती अमलात येते. चक्र थांबते हे खरे; पण चक्र गेले नाही, दृष्टीआड झाले. माथ्यावरची यादी आता अपुरी आहे, आणि वाचणाऱ्याला गुण हे छपाईवर अवलंबून आहे असा संशयही येत नाही. क्वचितच लागणारे एखादे अवजड मॉड्यूल असे आत ठेवणे समर्थनीय ठरेल. चक्र झाकण्यासाठी मात्र नव्हे. खरा उपाय असा की, श्रेणींचा तक्ता हा मुळात छपाईचा नव्हेच हे ओळखावे. तो 'श्रेणी' नावाच्या तिसऱ्या फाइलीत काढावा; तिने कोणाकडूनही काही आणू नये, आणि गुण व छपाई ह्या दोघांनी तिच्याकडून आणावे. छपाई गुणवर अवलंबून, दोन्ही श्रेणीवर अवलंबून. प्रवाह एकाच दिशेने वाहू लागला.

कोणती गोष्ट कोणत्या फाइलीत असावी ह्याचा विचार डेव्हिड पार्नस ह्यांनी १९७२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, प्रोग्रॅमचे भाग आधी हे काम, मग ते काम, अशा क्रमावरून पाडू नयेत. ज्या बाबी पुढे बदलण्याचा संभव आहे, त्यांतील प्रत्येक बाब एकेका भागाच्या आड दडवावी, म्हणजे बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. आपल्या उदाहरणात श्रेणींचे नियम मंडळ केव्हाही बदलू शकते. म्हणून त्यांना स्वतंत्र घर हवे. चक्राचा त्रास झाला तो इंपोर्टच्या ओळीमुळे नव्हे. वस्तू चुकीच्या घरात ठेवल्यामुळे. ओळीने फक्त ते उघडकीस आणले.

राहिला बाहेरच्यांचा गट. त्याविषयी २०१६ मधील एक घटना सांगण्यासारखी आहे. जावास्क्रिप्ट भाषेची तयार पॅकेजे 'एनपीएम' नावाच्या सार्वजनिक भांडारात असतात. तेथे 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून तो ठराविक रुंदीचा करणे, एवढेच त्याचे काम. दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून वाद होऊन कर्त्याने २२ मार्च २०१६ रोजी आपली सर्व पॅकेजे भांडारातून काढून घेतली, त्यांत हेही गेले. लगोलग जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. त्यांतील बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकले नव्हते. त्यांनी आणलेल्या पॅकेजने ज्याच्याकडून आणले होते, त्याने ते आणलेले होते. भांडाराच्या चालकांनी काही तासांतच ते परत ठेवले, आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमही कडक केले. आपल्या यादीतील दुसरा गट म्हणजे आपण ज्यांच्यावर विश्वास टाकला आहे त्यांची नामावळी होय, ही गोष्ट त्या दिवशी अनेकांना प्रथमच जाणवली. म्हणून तो गट शक्य तितका लहान ठेवावा, आणि कोणत्या आवृत्तीवर आपले काम चालते तिची नोंद प्रकल्पात निराळी करून ठेवावी.

एखादा जुना, विस्कळीत प्रकल्प वाट्याला आला तर हा हिशेब कोठून सुरू करावा, असे कोणी विचारील. प्रथम प्रोग्रॅम आज बरोबर चालतो हे दाखवणाऱ्या चाचण्या हाताशी घ्याव्यात. मग तारकेच्या सर्व आज्ञा काढून त्या जागी प्रत्यक्ष वापरलेली नावे लिहावीत; हे काम क्रम लावण्याच्या आधीच करावे, कारण मॅथ आणि सीमॅथची गोष्ट आपण पाहिली आहे. नंतर न वापरलेल्या ओळी, एकेक पाहून, काढाव्यात. मग साधनाकडून गट आणि क्रम लावून घ्यावा, आणि हा बदल इतर कोणत्याही बदलात न मिसळता स्वतंत्र नोंदवावा. नाहीतर शेकडो सरकलेल्या ओळींच्या गर्दीत एखादी खरी चूक दडून बसते. चक्रे सर्वांत शेवटी सोडवावीत, कारण ती सोडवणे म्हणजे आवराआवर नव्हे, घराचीच फेरबांधणी आहे. प्रत्येक पायरीनंतर चाचण्या पुन्हा चालवाव्यात हे सांगणे नलगे.

इतका खटाटोप यंत्रासाठी आहे काय? यंत्राला गटांमधली मोकळी ओळ दिसतही नाही, आणि वर्णानुक्रमाचे त्याला सोयरसुतक नाही. ती मांडणी माणसासाठी आहे. शेजारधर्मात उसने आणण्यात कमीपणा नसतो, आणि केंब्रिजच्या त्या पोलादी कपाटापासून आजपर्यंत सारी प्रगती उसनवारीवरच झालेली आहे. मात्र कोणाकडून, काय आणि कशासाठी आणले ह्याची नोंद घराच्या दर्शनी भागी असावी, नाव घेऊन असावी, आणि जेवढे आणले तेवढीच असावी. आज तो प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी उद्या तेथे असणार नाही. त्याच्या जागी बसणाऱ्या, त्याने कधीही न पाहिलेल्या माणसाशी तो ज्या पहिल्या ओळींतून बोलणार आहे, त्या ह्याच ओळी होत. आणि त्या खऱ्या असाव्यात एवढीच अपेक्षा आहे.